यात चित्र कुठंय?

भाचा सुट्टीत राहायला आला होता. पंधरा वर्षांचा, वहीच्या मागच्या पानांवर सतत काहीतरी रेखाटणारा, आणि कुणी डोकावलं की कोपर आडवं टाकून पान झाकणारा. एका संध्याकाळी दिवे न लावता मी मॉर्टन फेल्डमन या अमेरिकी संगीतकाराचं 'रॉथ्को चॅपल' ऐकत बसले होते. तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पाय वर घेऊन बसला आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. चित्रांवरून केलेलं संगीत आहे, असं मी जरा ऐटीतच सांगून टाकलं. त्यावर त्याने दीडएक मिनिट खरोखर मन लावून ऐकलं. लांबून आल्यासारखी टिंपनीची घरघर, व्हायोलाचा एखादा सुटा स्वर, मग बराच वेळ जवळजवळ काहीच नाही.

"आत्या, यात चित्र कुठंय?"

मी फोनवर त्या चॅपलमधल्या, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीतल्या, चित्रांचा फोटो शोधून दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, फोन आडवा धरून पाहिला. "हे तर बंद टीव्हीसारखं दिसतंय," असं म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेला. उद्धटपणे नाही, अगदी सहज. पाणी प्यायला जावं तसा.

मला ते लागलं, कारण ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्याही मनात तेच आलं होतं. फरक एवढाच की मी ते कुणाला सांगितलं नाही. पुढे त्यांच्याबद्दल वाचत गेले, थोरामोठ्यांची मतं गोळा केली आणि तो पहिला विचार त्या ढिगाखाली कुठेतरी दाबून टाकला. ह्यूस्टनच्या त्या आठ भिंतींच्या खोलीत मी कधी गेलेले नाही. चौदा प्रचंड कॅनव्हास, काळ्याच्या आणि गर्द जांभळ्याच्या छटा, वरून झिरपणारा उजेड, मध्ये साधी बाकं. तिथे बराच वेळ बसलं की काळ्यातून हळूहळू तांबूस, निळसर रंग वर येऊ लागतात म्हणे. हा 'म्हणे' प्रामाणिकपणे लिहायला मला इतकी वर्षं लागली. ही चित्रं काढणाऱ्या मार्क रॉथ्कोला स्वतःला ती खोली पुरी झालेली पाहायला मिळाली नाही. फेब्रुवारी १९७० मध्ये त्याने जीव दिला आणि बरोबर वर्षभराने, फेब्रुवारी १९७१ मध्ये, चॅपल उघडलं. फेल्डमन त्याचा मित्र. त्याची ही रचना त्याच १९७१ सालची. तिला लागतात मोजकेच लोक: एक व्हायोला, सेलेस्टा, तालवाद्यं आणि शब्दांविना गाणारे गळे. चेंबर म्युझिक म्हणजे एका खोलीत मावेल इतक्या थोड्या वादकांचं संगीत. त्या शब्दात जी खोली आहे, ती इथे अगदी शब्दशः आहे. आधी खोली, मग तिच्यासाठी संगीत.

पण भाच्याचा प्रश्न तसाच राहिला. यात चित्र कुठंय?

सोपी उत्तरं आहेत की. इटालियन संगीतकार रेस्पीगीने १९२७ मध्ये बोत्तिचेल्लीच्या तीन चित्रांवर छोट्या वाद्यवृंदासाठी रचना केली, 'ट्रिटिको बोत्तिचेल्लियानो'. त्यात शोधावं लागत नाही. वसंत आहे तर तारवाद्यांची थरथर आणि सुषिरवाद्यांची किलबिल, व्हीनस समुद्रातून येते तर खाली लाटा हेलकावे घेतायत. ऐकायला गोड, मी अजूनही आवडीने ऐकते. पण ऐकून झाल्यावर मला चित्रांच्या दुकानातून छापील कार्ड घेऊन बाहेर पडल्यासारखं वाटतं. कार्डावर सगळं नीट छापलेलं असतं, फक्त आपण तिथे उभे होतो याची काही खूण त्यावर नसते. भाच्याला हे ऐकवलं असतं तर त्याला चित्र लगेच सापडलं असतं, आणि तो तितक्याच लगेच उठून गेला असता.

आपल्याकडच्या लोकांना या उलाढालीचं खरं म्हणजे फार नवल वाटायला नको. रागमालेतली चित्रं आपण पाहिलेली असतात. तोडी म्हटलं की वीणा घेतलेली एकटी स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. तिथे प्रवास उलटा आहे, सुरांकडून रंगाकडे. पण त्या चित्रात राग 'ऐकू' येत नाही म्हणून कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. हरणांनी माना वर केल्या आहेत, तेवढं पुरतं. काय वाजतंय ते चित्रकार सांगतच नाही, ऐकणाऱ्यांच्या माना कशा वळल्या तेवढं दाखवतो.

तसाच उलटा प्रवास चित्रकार कांडिन्स्कीचा. २ जानेवारी १९११ ला म्युनिकमध्ये तो संगीतकार शोनबर्गच्या मैफिलीला गेला. दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तारवाद्यांची रचना होती, पियानोचे तुकडे होते, म्हणजे घट्ट मुट्ठीतलं, चार-पाच जणांचं संगीत. घरी येऊन त्याने जे चित्र केलं ते 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात पिवळा आहे. म्हणजे पिवळ्या रंगाचं काही आहे असं नव्हे, नुसता पिवळाच, अख्ख्या सभागृहात पाणी शिरावं तसा आत शिरलेला. वरच्या बाजूला काळ्या रंगाचा एक तिरका तुकडा, तो पियानो. खाली प्रेक्षकांच्या पुढे झुकलेल्या आकृत्या, रेघांनी कशाबशा धरून ठेवलेल्या. मी हे चित्र छापील रूपात पाहते तेव्हा दर वेळी आधी त्या आकृत्यांकडेच जाते. त्यांच्या पाठी ऐकतायत. कांडिन्स्कीची शोनबर्गशी ओळखसुद्धा नव्हती. मैफिलीनंतर त्याच महिन्यात त्याने त्या अनोळखी माणसाला पत्र लिहिलं आणि तिथून त्यांची मैत्री सुरू झाली.

मैत्री. या विषयात जरा आत गेलं की हा शब्द सारखा पायात येतो.

रशियन संगीतकार मुसॉर्ग्स्कीचं 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' घ्या. एकट्या पियानोसाठी लिहिलेलं, त्यामुळे काटेकोर मंडळी त्याला चेंबर म्युझिक म्हणणार नाहीत, पण काटेकोर मंडळींना दर वेळी विचारायलाच हवं असं नाही. त्याचा मित्र व्हिक्टर हार्टमान हा वास्तुकार आणि चित्रकार १८७३ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी अचानक गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या कामाचं प्रदर्शन भरलं आणि मुसॉर्ग्स्कीने जूनमधल्या तीनेक आठवड्यांत ही रचना लिहून काढली. लोक चित्रांबद्दल बोलतात, मला मात्र चित्रांच्या मधला चालायचा भाग जास्त आवडतो, 'प्रोमेनाड'. पाच मात्रांचं एक आवर्तन, लगेच सहा मात्रांचं एक, पुन्हा पाच. सम पकडायला जावं तर पाऊल चुकतं. भारी देहाचा माणूस दालनातून चालतोय, मध्येच रेंगाळतोय, मध्येच एखाद्या चित्राकडे ओढल्यासारखा वळतोय. तो माणूस म्हणजे आपणच, असं मुसॉर्ग्स्कीने मोकळेपणी सांगितलं होतं. पुढे पॅरिसच्या भुयारातल्या कवट्यांचं चित्र येतं. त्या चित्रात खुद्द हार्टमान उभा आहे आणि सोबतच्या वाटाड्याच्या हातात कंदील आहे. इथे ती चालण्याची धून बाहेर थांबत नाही. ती मंद होऊन, वर थरथरते स्वर पांघरून भुयारात उतरते. मित्र आत आहे, म्हणून हाही आत गेला.

यातली गंमत अशी की प्रदर्शनातली बरीचशी चित्रं आज कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. आणि शेवटचा तो प्रचंड घंटानादाचा 'किएव्हचा महाद्वार'? तो दरवाजा कधी बांधलाच गेला नाही. स्पर्धेसाठी केलेला नुसता आराखडा होता. म्हणजे इतकी वर्षं जगभरचे लोक हरवलेल्या चित्रांसमोरून चालत जाऊन न बांधलेल्या दरवाजापाशी पोचतायत आणि तिथे जोरजोरात टाळ्या वाजवतायत. 'यात चित्र कुठंय' याचं उत्तर इथे खरंच 'कुठेच नाही' असं आहे, आणि त्याने कुणाचं काही अडलेलं नाही.

माझी एक मैत्रीण होती. होती म्हणजे आहे, वाढदिवसाला संदेश येतो, मीही पाठवते. ती जलरंगात काम करायची. धुकं, पाणथळ जागा, पाण्यात अर्धी विरघळलेली झाडं. तिच्या चित्रात कागदाचा कोरा भाग इतका बोलका असायचा की मी तिला म्हणायचे, तू रंगवतेस कमी आणि सोडतेस जास्त. मग मध्ये दोनेक वर्षं तिने काही दाखवलं नाही, आणि एका रात्री व्हिडिओ कॉलवर एकामागून एक नवी चित्रं कॅमेऱ्यासमोर धरली. वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेली तोंडं, जाड काळ्या रेघा, गुलाबी मांस, पाय, चपला. कोरी जागा बोटभरसुद्धा नव्हती. "बोल ना, कसं वाटलं?" मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता. मग म्हटलं, "वेगळं आहे." मराठीत 'वेगळं आहे' म्हणजे काय ते ज्याने कधी काही करून कुणाला दाखवलंय त्याला पुरेपूर माहीत असतं. ती हसली, "हं," म्हणाली, आणि आईच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागली. नंतर तिने मला चित्र दाखवलेलं नाही.

काही वर्षांनी चित्रकार फिलिप गस्टनची हकिगत वाचली तेव्हा मी पुस्तक उलटं घालून ठेवलं. गस्टन आणि फेल्डमन जिवाभावाचे मित्र. गस्टनची १९५०च्या दशकातली चित्रं म्हणजे गुलाबी-लाल रंगाचे थरथरते पुंजके, ज्यांच्याकडे पाहताना फेल्डमनच्या संगीताची आठवण यावीच: हलका हात, कडा विरलेल्या, कशाची घाई नाही. १९७० मध्ये न्यू यॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत गस्टनने अचानक वेगळंच काही मांडलं. टोपड्याने तोंड झाकलेली माणसं, बुटांचे तळवे, लटकते दिवे, सिगरेटी, सगळं हास्यचित्रासारखं ओबडधोबड. भल्याभल्यांनी नाकं मुरडली. गस्टनने फेल्डमनला विचारलं, कसं वाटलं? फेल्डमन क्षणभर गप्प राहिला. अर्धं मिनिट म्हणा. त्या अर्ध्या मिनिटात ही मैत्री गेली, असं पुढे त्यानेच सांगून ठेवलंय.

१९७८ मध्ये गस्टनने एक चित्र केलं: 'फ्रेंड — टू एम. एफ.' मोठं डोकं, तोंड फिरवलेलं, सिगरेट, आणि भला मोठा कान. तोंड फिरवणाऱ्या मित्राचा कान इतका मोठा काढायचा, यात राग किती आणि माया किती हे मला अजून वजन करता आलेलं नाही. दोन वर्षांनी गस्टन गेला. आणि १९८४ मध्ये फेल्डमनने 'फॉर फिलिप गस्टन' लिहिलं. तीन वादक: एकाकडे बासऱ्या, एकाकडे तालवाद्यं, एकाकडे पियानो आणि सेलेस्टा. चार तासांहून जास्त, मध्यंतर नाही.

अर्ध्या मिनिटाच्या गप्पपणावर चार तास.

असा हिशेब करू नये हे मला कळतं. फेल्डमन त्या काळात सगळंच लांबलचक लिहीत होता, त्याचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट तर याहूनही मोठं आहे. पण मी तो हिशेब करते. एका रविवारी सकाळी घरात कुणी नसताना मी ते सलग ऐकायला बसले. पहिला तास मी चांगली श्रोती होते. दुसऱ्या तासात कपाळाला मुंग्या आल्या, मनात कपाट आवरून झालं, दोन जुनी भांडणं नव्याने भांडून झाली. मग पेंग आली. जाग आली तेव्हा बासरी आणि व्हायब्राफोन मघाचंच काहीतरी वाजवत होते, किंवा मला तसं वाटलं. तेच चार-पाच स्वर, पण एक जरा उशिरा, दुसरा किंचित दुसरीकडे सरकलेला. उन्हाची पट्टी जमिनीवरून भिंतीवर चढली होती. मी कुठल्याही चित्राची कल्पना करत नव्हते. पण कुणाच्या तरी चित्रासमोर उभी होते, आणि या खेपेला चष्मा पुसत नव्हते.

फेल्डमनला गालिच्यांचं वेड होतं, तुर्की खेड्यांत विणलेल्या जुन्या गालिच्यांचं. त्यांत एक गोष्ट असते, 'अब्रश' म्हणतात तिला. लोकर थोडी थोडी रंगवली जाते. एका घाण्यातला लाल संपला की पुढच्या घाण्यातला लाल वापरायचा, आणि तो तंतोतंत कधीच जुळत नाही. त्यामुळे लांबून एकसंध दिसणाऱ्या लाल पट्ट्यात जवळ गेलं की पायऱ्या दिसतात. हा विटकरी, इथून जरा डाळिंबी, पुढे पुन्हा विटकरीकडे कललेला. कारखान्यात हा दोष ठरेल. फेल्डमनने तो रचनेत घेतला. त्याच्या १९८३ च्या 'क्रिपल्ड सिमेट्री'मध्ये, म्हणजे लंगड्या सममितीत, हेच चालतं: नक्षी तीच, घाणा वेगळा. हे कळल्यावर मी घरातली जुनी सतरंजी उन्हात नेऊन पाहिली. ती यंत्रावरची निघाली. तिच्यात एकाही लाल धाग्याने चूक केली नव्हती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला संगीतकार अर्ल ब्राऊन. अलेक्झांडर काल्डरची झुलती शिल्पं पाहून याला वाटलं, संगीतसुद्धा असंच का लटकू नये, तुकडे तेच पण मांडणी दर क्षणी निराळी. १९६०च्या दशकात त्याने 'काल्डर पीस' केलं: चार तालवादक आणि मध्ये काल्डरचं एक खरंखुरं मोबाइल, म्हणजे झुलतं शिल्प. ते हलेल तसं वादकांनी वाचायचं, म्हणजे संचालक ते. मध्येच वादक उठतात आणि जाऊन त्या संचालकालाच बडवतात. मला हे वाचूनच इतका आनंद झाला की ऐकायची थोडी भीती वाटत राहिली. इथे चित्र कुठंय हा प्रश्नच नाही. चित्र, नाहीतर शिल्प म्हणा, मंचावरच आहे आणि मार खातंय.

हे सगळं भाच्याला सांगावं असं त्या आठवड्यात चार-पाचदा मनात आलं. पण त्याने प्रश्न एकदा विचारला होता, उत्तराची वाट पाहत तो काही बसला नव्हता. पंधराव्या वर्षी मला कुणी गस्टन, हार्टमान, अब्रश असं एका दमात ऐकवलं असतं तर मीही आत निघून गेले असते.

त्याच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा 'रॉथ्को चॅपल' लावलं. त्याला म्हणून नव्हे, आणि त्याला म्हणूनही. तो त्याच टोकाला वही घेऊन बसला होता, कोपर आडवं. व्हायोला झाला, ते शब्दांविना गाणारे गळे येऊन गेले, जड, ढगासारखे, जागेवरून न हलणारे. मध्ये सोप्रानोची, म्हणजे उंच स्त्रीस्वरातली, एक ओळ आली. ती फेल्डमनने लिहिली त्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीसाठी अखेरची प्रार्थना होती. मी काही बोलले नाही. बाहेर अंधारत गेलं तसा वहीच्या कागदाचा पांढरा तेवढा दिसत राहिला. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत, काही सूचना न देता, खाली व्हायब्राफोनचे चार स्वर पाळण्यासारखे झुलू लागले आणि वर व्हायोलाने एक धून धरली. धून, खरीखुरी, गुणगुणता येईल अशी. इतका वेळ काळ्या भिंती आणि अचानक कुणीतरी बाकावर बसून साधं गाणं म्हणतंय.

भाच्याने मान वर केली. "हे आत्ताचं काय आहे?"

"हे त्याने तुझ्याएवढा असताना लिहिलं होतं. पंधरा वर्षांचा असताना. ठेवून दिलं होतं, मग इथे वापरलं."

त्यावर तो काही म्हणाला नाही. संपल्यावर म्हणाला, "तेवढंच लाव ना परत."

मी सरकपट्टी शेवटाकडे ओढून नेमकी ती धून लावली. लागली, पण साधीच वाटली. छान होती, नीटनेटकी होती, कुणाच्याही फोनमध्ये वाजावी तशी. दोघांनी ती पूर्ण ऐकली.

"मघाशी वेगळं वाटलं होतं," तो म्हणाला.

मी सरकपट्टी पार मागे, शून्यावर आणली. पुन्हा टिंपनीची ती घरघर. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"एवढं सगळं परत?"

"पंचवीसेक मिनिटं."

त्याने उसासा टाकला आणि वहीचं नवं पान काढलं. कोपर मात्र आडवंच होतं.